येतानाचं वजन

चंद्राबाई नर्सबद्दल लिहायचं तर आधी एका स्प्रिंगबद्दल लिहावं लागतं, याचं मला थोडं वाईट वाटतं. माणसाची ओळख करून देताना निदान आईबापापासून सुरुवात करावी. पण बाईंच्या आईबापांबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की ते पोंभुर्ण्याकडचे धान पिकवणारे शेतकरी होते, आणि लेक लवकर विधवा झाली तेव्हा बापाने तिच्या दिरांशी भांडून तिला चांद्याला नर्सचं शिकायला घातलं. याहून जास्त त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. स्प्रिंगबद्दल मात्र त्या पुष्कळ बोलल्या.

पहिल्या निवडणुकीची धामधूम नुकतीच संपली होती. अहेरीच्या पलीकडच्या जंगलात लाकडाच्या एका ठेकेदाराचा डेपो होता, तिथे मी स्टोअरबाबू होतो. डेपोपासून जंगलात आत, माडिया आदिवासींच्या गावांपर्यंत, रुळांची एक अरुंद लाइन टाकलेली होती आणि तिच्या मध्यावर एक पहाडी आडवी होती. लाकडांनी लादलेले डबे रेड्यांच्या जोड्या ओढून आणत. माणसांसाठी आणि रसदीसाठी पेट्रोलवर चालणारी एक छोटी ट्रॉली होती. लढाईनंतर लिलावात आलेलं इंजिन आणि आरागिरणीतल्या मोडक्या यंत्राचे भाग एकत्र करून राजन्ना मिस्त्रीने ती उभी केली होती. राजन्ना सिरोंचाकडचा तेलुगू माणूस. ट्रॉली तोच चालवायचा, तोच दुरुस्त करायचा, आणि ती आपली सख्खी मुलगी असल्यासारखा दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.

ट्रॉलीला गिअर नव्हते. इंजिनाकडून एक जाड पट्टा मागच्या चाकांच्या आसाकडे जायचा. तिथे दोन थाळ्या समोरासमोर बसवलेल्या, त्यांच्या मध्ये पट्टा, आणि एका थाळीच्या पाठीशी दणकट गुंडाळीची स्प्रिंग. सपाटीवर इंजिन पळू लागलं की पट्टा थाळ्यांना फाकवून आत उतरायचा आणि ट्रॉली धावायची. चढ आला की स्प्रिंग थाळ्यांना पुन्हा जवळ दाबायची, पट्टा काठावर यायचा, वेग जायचा आणि जोर यायचा. या सगळ्या भागाला मिस्त्री क्लच म्हणायचा. स्प्रिंगचं टोक अडकवायला झाकणात तीन भोकं होती. पहिल्या भोकात स्प्रिंग ढिली राही, तिसऱ्यात घट्ट. ढिली असली की सपाटीवर ट्रॉली अशी पळायची की डोक्यावरची टोपी धरून बसावं लागे, पण ओझं घेऊन पहाडी चढताना पट्टा नुसता घसरायचा. घट्ट असली की पहाडी चढायची, पण सपाटीवर इंजिन बोंबलायचं आणि गाडी रांगायची.

राजन्ना स्प्रिंग नेहमी पहिल्या भोकात ठेवायचा. साहेब लोकांना वेग आवडतो, असं त्याचं म्हणणं. परत येताना गाडी पहाडीवर अडली तर सरळ प्रवाशांना उतरवून ढकलायला लावायचा.

बाई नव्याने आल्या तेव्हा हेच झालं. डेपोच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होऊन त्यांना चार दिवसही झाले नसतील. आतल्या गावातून त्या एका तापकरी माणसाला घेऊन येत होत्या. ट्रॉली पहाडीवर अडली, पट्ट्याचा जळका वास सुटला आणि रोग्याला सोडून सगळे उतरले. पांढऱ्या लुगड्याचा काचा मारून बाईही ढकलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट मिस्त्रीच्या शेडमध्ये आल्या. मी तिथे ग्रीसचा डबा द्यायला गेलो होतो.

"मिस्त्री, हे झाकन उघडा."

"बाई, ये अपना काम है. तुम गोली-दवा देखो."

"काल पहाडीवर कोनं ढकललं? तुमच्या इंजिनानं का मी?"

राजन्नाने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच म्हणालो, "माफ करा, मी फक्त ग्रीस द्यायला आलो होतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमी काऊन माफी मांगून राह्यले? तुमी का पट्टा जाळला?"

शेवटी झाकण निघालं. राजन्नाने दाखवलं की एकाने दोन्ही तळहातांनी झाकणावर भार द्यायचा, दुसऱ्याने ते पिळून स्प्रिंगचं टोक पुढच्या भोकात न्यायचं. मध्येच सुटलं तर स्प्रिंग उलटते आणि बोट घेऊन जाते. त्याच्या स्वतःच्या डाव्या करंगळीचं शेवटचं पेर असंच गेलं होतं. तो म्हणाला, "नक्को बाई, इसको हात मत लगाओ. बहुत उलटी चीज है."

"आडवं लेकरू मी पोटावरून हात देऊन फिरवते," बाई म्हणाल्या. "तेबी असंच उलटते. घाई केली की उलटते. तुमी दाबा फक्त."

त्यांनी तळहात ठेवला आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. मग हात असा फिरला की फिरताना दिसलाच नाही. टक् असा आवाज आला. स्प्रिंगचं टोक तिसऱ्या भोकात होतं.

इथे कोणी अशी समजूत करून घेऊ नये की बाई विनम्र होत्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डेपोतल्या प्रत्येक माणसाला, रेडे हाकणाऱ्या पोरांपासून स्वयंपाक्यापर्यंत, कळलं होतं की स्प्रिंग लावता येणारे इथे दोघेच आहेत. एक मिस्त्री. आणि मिस्त्री चुकला तर बाई. स्वतःच्या कामाबद्दल त्या बिनधास्त बोलत. "माझ्या हातचं लेकरू रडते त वेगरंच रडते," असं त्या म्हणायच्या. आम्हाला सगळी लेकरं सारखीच रडताना ऐकू येत, पण तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

त्या दिवसापासून बाईंची एक रीत पडली. आतल्या गावाचं बोलावणं आलं की त्या पिशवी घेऊन यायच्या, ट्रॉलीवर बसण्याआधी मागे जाऊन झाकणाकडे पाहायच्या आणि विचारायच्या, "येताना कोन कोन?" आणि स्प्रिंग तिसऱ्या भोकात लावायला लावायच्या. जाताना गाडीवर बाई आणि राजन्ना, दोघंच. सपाटीवर बोंबलत, रांगत जायचं. राजन्नाला त्याची लाज वाटे.

"बाई, जाते टैम खाली है गाडी. ढिली रखो, जल्दी पहुँचेंगे. आते टैम बदल देंगे."

"येताना बाई कण्हत असन, तिची सासू बोंबलत असन, अन् तुमची थाळी तापलेली असन. तवा तुमी बदलत नाई, मले मालूम आहे. जाताना मी एकटी. मले कायची घाई. येतानाचं वजन लावा."

येतानाचं वजन त्यांना चांगलं ठाऊक होतं. गावाबाहेर, परक्या मुलखात दवाखान्यात जायचं म्हणजे आतल्या गावचं माणूस एकटं निघत नसे. ज्यांच्यासोबत निघायचं त्यांच्यासोबतच परत यायचं, अशी त्यांची समजूत होती. आम्ही डेपोचे लोक याला अडाणीपणा म्हणायचो. बाईंनी त्याला कधी नाव ठेवलं नाही, फक्त हिशेबात धरलं. "नवरा येते, सासू येते, ननद येते. तांदूर शिजवायले गंजी येते. कोंबडी येते. अन् कोंबडी धरायले एक पोट्टा येते," असं त्या बोटं मोडत सांगायच्या. आणि खरोखर तितकेच यायचे.

दुसरी एक रीत माझ्या जिवावर यायची. दवाखान्यात जन्मलेलं लेकरू त्या माझ्या कोठारातल्या तराजूत तोलायच्या. एका पारड्यात फडक्यात गुंडाळलेलं लेकरू, दुसऱ्यात तांदूळ. काटा मध्ये आला की लेकरू आईकडे आणि ते तांदूळही आईकडे. तांदूळ अर्थातच डेपोचे. मी कुरकुर करायचो, आणि कुरकुर केल्याबद्दल पुन्हा ओशाळायचो.

"बाई, मला जाब द्यावा लागतो."

"उंदीर खातेत तवा देता का जाब?"

"उंदरांचं वेगळं आहे."

"हो. उंदीर जास्त खातेत."

लेकरू गुबगुबीत निघालं की त्या माझ्याकडे पाहून हसायच्या. अगदी किरकोळ निघालं, मूठभर तांदळातच काटा वर आला, की लेकराच्या पारड्याला हळूच बोट लावायच्या. मी दुसरीकडे पाहायचो.

माझ्या स्वभावाबद्दल इथे सांगणं भाग आहे, कारण बाईंचं बोलणं त्याशिवाय समजणार नाही. मी तेव्हाही आतासारखाच होतो. कोणाचं काही बिघडलं की आपल्यामुळे बिघडलं असं मला वाटतं. त्याला एक कारण होतं. माझी आई ब्रह्मपुरीला धाकट्या भावाकडे असायची. ती आजारी असल्याचं मला कळलं होतं, आणि माल मोजायचं काम संपलं की जाऊ, डबे रवाना झाले की जाऊ, असं म्हणत मी राहिलो. गेलो तेव्हा तिची राखही वैनगंगेत गेली होती. डेपोत सगळे मला म्हणायचे, बाबू, यात तुमची काय चूक, नोकरीच तशी. मी हे प्रत्येकाला सांगायचो आणि प्रत्येकाकडून तेच ऐकायचो, आणि मला त्याने काडीचंही बरं वाटायचं नाही.

बाईंनाही एकदा सांगितलं. त्या दवाखान्याच्या पायरीवर पान लावत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. पानाला चुना लावला, तंबाखूची चिमूट घातली आणि म्हणाल्या, "चुकलंच ना. मोठं चुकलं."

हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"माय वाट पाहत असन," त्या पुढे म्हणाल्या. "आता ते काई फिरत नाई. बसा, च्या ठेवते."

चहा त्यांनी नेहमीसारखाच केला, म्हणजे पाकासारखा गोड. मी तो पूर्ण प्यायलो. आईसाठी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो, आणि बाई शेजारी बसून आपलं पान चघळत होत्या. त्यांनी मला गप्प केलं नाही. पुढे कधी तो विषयही काढला नाही.

नवे मॅनेजरसाहेब आले ते पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी. तरुण, नागपूरचे, शर्टाच्या बाह्यांची घडी न मोडणारे. त्यांना वाईट म्हटलं तर ते खोटं होईल. ट्रॉलीचा पट्टा आमच्या मुलखात मिळत नसे. तो दुरून आगगाडीने यायचा, मग ट्रकने, आणि येईपर्यंत ट्रॉली शेडमध्ये पडून. साहेबांनी पाहिलं की स्प्रिंग घट्ट ठेवल्याने पेट्रोल जास्त जातं आणि पट्टे लवकर झिजतात. त्यांनी ती पहिल्या भोकात लावून घेतली, झाकणातून तार ओवली आणि मालगाडीच्या डब्याला लावतात तसं शिशाचं सील दाबलं. हुकूम असा की ट्रॉलीवर रोग्यासोबत एकच माणूस. सील तुटलेलं दिसलं तर दवाखान्याला ट्रॉली कायमची बंद.

बाई साहेबांकडे गेल्या. मी तिथेच टेबलाशी होतो.

"साहेब, एक मानूस म्हनजे कोन? नवऱ्याले घेतलं त सासू येऊ देत नाई. सासूले घेतलं त नवरा मागून धावते."

"बाई, त्यांना समजावून सांगा. आणि पट्टाच नसेल तर एकही रोगी येणार नाही, हेही पाहा."

"तेबी खरं आहे," बाई म्हणाल्या आणि परतल्या. खरं असेल ते त्या मानायच्या, आपल्या विरुद्ध असलं तरी.

त्यांनी हुकूम पाळला. एक-दोन पुरुष रोगी भावाला घेऊन आले, काही अडचण आली नाही. मग एका गावाहून बाई एकट्याच परत आल्या. रोगी बाईच्या घरच्यांनी तिला एका माणसासोबत पाठवायला नकार दिला होता. रिकामी ट्रॉली पहाडी सहज चढून आली. बाई उतरल्या आणि पिशवी घेऊन सरळ दवाखान्यात गेल्या. चार दिवसांनी त्या गावचा माणूस मीठ न्यायला आला. मी त्याला त्या रोगी बाईबद्दल विचारलं. त्याने नाही अशी मान हलवली आणि मिठाची पुडी कमरेला बांधली.

चैत्रात मोहफुलं पडतात. त्या दिवसांत रुळांवरही फुलांचा सडा असायचा आणि आतल्या गावच्या बाया टोपल्या घेऊन लाइनच्या कडेने वेचत असायच्या. अशाच एका दुपारी लालसू नावाचा तरुण पहाडी ओलांडून धावत आला. त्याची बायको जानो हिला कालपासून कळा येत होत्या. बाईंनी तिला आधी तपासलेलं होतं. लेकरू आडवं होतं, त्यांनी ते फिरवलं होतं, आणि लालसूच्या सांगण्यावरून ते पुन्हा आडवं झालेलं दिसत होतं.

बाई पिशवी घेऊन निघाल्या, पण ट्रॉलीकडे गेल्या नाहीत. साहेबांच्या व्हरांड्यात आल्या. हातात दवाखान्यातला लोखंडी चिमटा होता.

"साहेब, लालसूची बायको आहे. आडवं आहे. चांद्याच्या दवाखान्यात न्यावं लागन. डेपोवर आनली की लाकडाच्या ट्रकमधी टाकू."

"न्या ना. ट्रॉली तयार आहे. तिच्यासोबत एक माणूस."

"एका मानसासंगं ते येत नाई. मागच्या वेळी पाह्यलं आपन."

साहेबांनाही ते ठाऊक होतं.

"म्हनून मी सील तोडते," बाई म्हणाल्या. "तुमच्या मागं तोडलं असं व्हाले नको. तुमी पाहा."

शेड व्हरांड्यासमोरच होती. त्यांनी चिमट्यात तार धरली, दोनदा पिळली आणि ती तुटली. शिशाचा तुकडा आणून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"बाई," साहेब हळू म्हणाले, "मग मला माझा शब्द पाळावा लागेल."

"पाळा ना जी. शब्द पाळणारा साहेब बरा. पन उद्यापासून."

साहेबांनी त्या तुकड्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "बाबू, तुम्हीही जा बरोबर. पट्ट्याचं काय होतं ते पाहून या."

राजन्ना शेडच्या खांबाला टेकून उभा होता. झाकण दाबायला माणूस हवा होता, आणि त्याने हात लावला तर त्याची नोकरी जाऊ शकत होती. बाईंनी त्याला हाक मारली नाही. मला म्हणाल्या, "दाबा. बोटं आत नोका घालू. माफी मंग मांगजा."

मी दाबलं. झाकण माझ्या हाताखाली डुगडुगू लागलं. तेवढ्यात कोणीतरी मला खांद्याला धरून बाजूला केलं. "हटो बाबू," राजन्ना म्हणाला, "तुम्हारा वजन कम पडता." त्याने आपले दोन्ही पंजे झाकणावर ठेवले. त्यांत ती अर्धी करंगळीही होती. बाईंचा हात फिरला. टक्. साहेब तेव्हा टेबलावरच्या कागदांत काहीतरी शोधत होते.

जाताना आम्ही नेहमीसारखे रांगत गेलो. इंजिन बोंबलत होतं, लालसू पुढच्या बाकड्यावर मुठी आवळून बसला होता आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाया कंबरेवर हात ठेवून पाहत होत्या. त्यांतली एक ओरडली, "ओ बाई, पायी चला ना, आदी पोचाल."

"तू बस येताना," बाईंनी उत्तर दिलं. "मंग पाहजो."

जानोच्या अंगणात सगळं घर आधीच नकार द्यायच्या तयारीने उभं होतं. साहेबांचा हुकूम आतपर्यंत पोचलेला होता. सासू दाराच्या चौकटीत बसली होती, आणि तिला ओलांडल्याशिवाय कोणालाही आत जाता येत नव्हतं. बाईंनी जानोला तपासलं, तिच्या कानाशी काही बोलल्या, आणि बाहेर येऊन लालसूला म्हणाल्या, "सांग तुझ्या मायले. समदेच चला."

लालसूने सांगितलं. सासूने काहीतरी विचारलं. लालसू म्हणाला, "ती विचारते, सगळे म्हणजे कोण?"

"तू, तुही माय, तुही बहीण. गंजी घ्या. कोंबडीबी घ्या."

सासू चौकटीतून उठली.

अशी ट्रॉली भरली. जानो बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी, तिच्या पायांशी सासू, मागे नणंद, तिच्या कुशीत पाटीखाली झाकलेली कोंबडी, लालसू आणि मी कडेला अर्धे बाहेर. सपाटीवर इंजिन बोंबलत राहिलं. मग पहाडी लागली.

चढावर एक जागा होती. तिथे रुळांच्या मधल्या फळ्यांवर टाचांचे खड्डे पडले होते, इतक्या वेळा इथे लोकांनी ट्रॉली ढकलली होती. तिथवर आल्यावर इंजिनाचा आवाज बदलला. मी मागे वाकून पाहिलं. पट्टा थाळ्यांच्या अगदी काठावर चढला होता आणि स्प्रिंग थरथरत होती. जळका वास आला, की मला तसं वाटलं, हे आज सांगता येत नाही. ट्रॉली इतकी हळू झाली की कडेच्या झाडाचं एकच पान किती तरी वेळ माझ्या तोंडासमोर होतं. जानो कण्हली. आणि मला वाटलं, आता हे अडणार, आणि अडलं तर माझ्यामुळे अडेल. मी इथे कशासाठी आहे. पट्टा जळतो की नाही ते पाहायला. या ट्रॉलीवर ज्याची कोणालाच गरज नाही असं एकच ओझं आहे.

मी एक पाय खाली सोडला. "बाई, मी उतरतो. माफ करा. माझ्यामुळे उगीच..."

"बसा, भाऊ," बाई म्हणाल्या. तोवर त्यांनी मला कधी भाऊ म्हटलं नव्हतं. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचा एक तळहात जानोच्या पोटावर होता, मघाशी झाकणावर होता तसाच, काही न करणारा. "तुमचंबी वजन धरलं आहे मी."

मी पाय वर घेतला.

ट्रॉली थांबली नाही. पान मागे गेलं. मग ती फळी, मग पुढची. माथ्यावर आलो तेव्हा राजन्नाने तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर थाप मारली.

जानो चांद्याच्या दवाखान्यात वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. त्यांना घेऊन बाई परत आल्या तेव्हा सगळ्यांत आधी माझ्या कोठारात आल्या. मुलगी तराजूत ठेवली, आणि मी तांदूळ घातले. काटा मध्ये आल्यावरही मी आणखी एक ओंजळ घातली. बाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "काटा बिघडला का जी तुमचा?" एवढंच म्हणाल्या.

ट्रॉली शेडमध्ये उभी होती. साहेबांनी शब्द पाळला होता. बाईंनी एकदाही विनवणी केली नाही, तोंड वाकडं केलं नाही. छत्री उघडली आणि लालसूच्या घरच्यांसोबत रुळांमधून चालू लागल्या. जानो खाटेवर, तांदूळ सासूच्या डोक्यावर, कोंबडी अजून शाबूत. साहेब व्हरांड्यात उभे राहून ते सगळे पहाडीआड जाईपर्यंत पाहत होते. तो शिशाचा तुकडा त्यांनी फेकला नाही. पुढे तो त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असायचा. नवं सीलही त्यांनी कधी लावलं नाही. पण दवाखान्याला ट्रॉली मिळाली नाही ती नाहीच.

त्यानंतर बाई पायीच जाऊ लागल्या. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण घडलं असं की त्या कधीच एकट्या चालल्या नाहीत. बोलावणं आलं की आतल्या गावचे चार-पाच जण पहाडीच्या माथ्यावर येऊन थांबलेले असायचे. रोगी आणायचा असेल तर खाट आणि खांदे देणारे पुरेसे गडी. नुसत्या तपासून परतणार असतील तरी सोबतीला कोणीतरी डेपोच्या फाटकापर्यंत. बाई हसून म्हणायच्या, "मी काई बाळंतीन आहे का रे?" ते हसायचे आणि सोबत चालत राहायचे. पावसाळ्यात नाले भरले तेव्हा त्यांनी बाईंना पाठीवर घेऊन पार केलेलं मी पाहिलं आहे. आणि पाठीवरून बाई त्यांना सांगत होत्या पाय कुठे ठेवायचा ते.

पुढल्या थंडीत त्यांची नागभीडकडे बदली झाली. डेपोचा ट्रक त्यांना आलापल्लीच्या मोटारस्टँडवर सोडणार होता. सामान म्हणजे एक पेटी आणि एक वळकटी. पण ट्रकभोवती बायामाणसं गोळा झाली होती. लालसू होता, जानो कडेवर मुलगी घेऊन, सासू, मोहफुलं वेचणारी ती चहाटळ बाई, आणि मला नावं ठाऊक नसलेले कितीतरी. त्यांची बाई मुलूख सोडून चालली होती आणि ती एकटी जाणार नव्हती. सासू तर आधीच ट्रकमध्ये चढून बसली होती.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मला एका माणसाचं सांगितलं आहे."

बाई ट्रकच्या मागे गेल्या, वाकल्या, चाकाजवळचे स्प्रिंगचे पाटे पाहिले, एका पाट्यावर पाय देऊन दाबूनही पाहिलं. राजन्ना शेडच्या दारातून पाहत होता. त्याने मान डोलावली.

"ओढते," बाई म्हणाल्या. "चढा रे."

सगळे चढले. बाई शेवटी चढल्या आणि ट्रकची मागची फळी धरून उभ्या राहिल्या. मी खाली होतो. कोठाराच्या किल्ल्या माझ्या हातात होत्या आणि त्या दिवशी माल यायचा होता, म्हणून मला जाता येत नव्हतं. मी काही बोलायला तोंड उघडलं, आणि काय बोलणार होतो ते त्यांना नक्की कळलं असावं, कारण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग नेहमीच्या सवयीने त्या माणसं मोजू लागल्या. बोट एकेकावरून फिरत होतं. सासू, लालसू, जानो, तिच्या कडेवरची मुलगी, कोपऱ्यातली बाया-पोरं. ट्रक सुरू झाला आणि हलला. बोट फळीशी आलं, फळी ओलांडून खाली आलं, धुळीत उभ्या असलेल्या माझ्यावर क्षणभर थांबलं, आणि मगच त्यांनी हात खाली घेतला.